टायमिंग बेल्ट बदलला आणि प्लगचा करंटच गायब, अर्जंट मदत हवी आहे

गाडीवाला_अंबाजोगाई
टायमिंग बेल्ट बदलून दोन दिवस झाले, गाडी चालू होईना. सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरायलंय, पेट्रोल आहे, बॅटरी चार महिन्याखालीच घेतलीय, पण प्लगला करंट नाही. चारही प्लग काढून बघितले, एकालाही ठिणगी नाही. मिस्त्री म्हणायलाय ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला, लातूरहून जुना आणावा लागंल, बारा हजार धरून चला. मला पटंना. चालत आणून लावलेली गाडी, बेल्ट बदलला अन् ईसीएम कसा काय जातो? परवा नांदेडला मेव्हण्याच्या पोरीचं बारसं आहे, घरचे सगळे माझ्याच जिवावर बसलेत. माहीत असंल त्यानं लवकर सांगा.

स्पॅनरदादा
गाडी कोणती ते तरी लिहा राव. आल्टो, सँट्रो, झेन, आम्ही काय कुंडली मांडून बघायची का? साल लिहा, गॅस किट आहे का लिहा.

इंडिकावाला
आधी ग्लो प्लग बघा. माझी इंडिका थंडीत अशीच करायची, लोकांनी पंप खोलायला लावला, शेवटी ग्लो प्लगचा रिले निघाला. दोनशे रुपयात काम झालं.

स्पॅनरदादा
मामा, ते ठिणगीचं विचारायलेत. ग्लो प्लग डिझेलला असतात, डिझेलला कुठं ठिणगी असती?

इंडिकावाला
डिझेल नाही असं त्यांनी लिहिलंय का कुठं?

स्पॅनरदादा
"पेट्रोल आहे" हे दुसऱ्याच ओळीत लिहिलंय की.

गाडीवाला_अंबाजोगाई
वॅगन आर आहे, २००८, ड्युओ, म्हणजे पेट्रोल-गॅस दोन्हीवाली. गॅस दोन वर्षं झालं बंदच आहे, पेट्रोलवरच चालवतो.

लातूरकर७२
म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो २०१० नंतरची घ्या, के-सिरीजचं इंजिन. त्याला चेन असते, बेल्टची कटकटच नाही. आमची एक लाख चाळीस हजार फिरली, अजून हात लावला नाही.

मोंढा_नाका
चेन काय अमर असती का? वेळेवर ऑईल नाही बदललं तर ती पण ताणते, सकाळी चालू करताना खडखड करते. आणि त्या माणसाची गाडी गॅरेजात उघडी पडलीय, त्याला नवी गाडी कशाला सुचवायलात? माझं स्पष्ट मत, बेल्टचा दात चुकलाय. परत काढा, खुणा जुळवा, लावा. झालं.

स्पॅनरदादा
दात चुकला तर ठिणगी अवेळी पडंल, इंजिन फटफट करंल, उलटं ठोकंल, पण ठिणगी पडंल ना. इथं मुळातच नाही.

मोंढा_नाका
सगळ्या गाड्यांचं एकसारखं नसतं. कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) सिग्नल आणि क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य दांड्याचा) सिग्नल जुळला नाही तर काही ईसीएम ठिणगीच सोडत नाहीत. मी वीस वर्षं हेच काम करायलोय.

स्पॅनरदादा
मग आम्ही काय भजे तळायलोत? काही सोडत नाहीत हे मान्य, पण सगळा बेल्ट उतरवायच्या आधी बाहेरून बघण्यासारखं बघून तर घ्या. बेल्ट उतरवला की परत मजुरी आली.

नवा_गडी
ऑनलाइन ते छोटं ब्लूटूथ स्कॅनर मिळतं, मोबाईलला जोडायचं, बिघाडाचा कोड लगेच दिसतो. पी०३३५ आला तर क्रँक सेन्सर, पी०३४० आला तर कॅम सेन्सर. सोपं आहे.

सदाफुली
कोड बरोबर आहेत, पण गाडी २००८ची आहे. आपल्याकडं ओबीडीची (गाडीनं स्वतःच बिघाड नोंदवायची सोय) सक्ती आली ती २०१०ला, बीएस-४ या धुराच्या नियमासोबत. जुन्या मारुतीशी ते स्वस्तातलं स्कॅनर बहुतेकदा बोलतच नाही, पैसे घालवू नका.

गाडीवाले दादा, चार गोष्टी सांगा. चावी ऑन केली की मागच्या सीटखालून पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येतो का? खूप वेळ सेल्फ मारल्यावर प्लग ओले निघाले की कोरडे? मीटरमधला चावीचा दिवा विझतो की चमकत राहतो? आणि बेल्ट सोडून अजून काय काय उघडलं होतं?

गाडीवाला_अंबाजोगाई
पंप वाजतो. चावीचा दिवा विझतो. प्लग कोरडे ठणठणीत, पेट्रोलचा वास पण नाही. उघडलं म्हणजे बेल्ट, टेन्शनर, अन् खालून ऑईल गळायलं होतं म्हणून क्रँकचं पुढचं सील पण बदलून घेतलं. ते लिहायचं राहिलं, त्याचा करंटशी काय संबंध म्हणून.

सदाफुली
सगळा संबंध त्याचाच आहे हो! दिवा विझला म्हणजे चावी ओळखली, इमोबिलायझरचा विषय संपला. पंप वाजला म्हणजे ईसीएमला करंट पोचतोय. पण ठिणगी नाही आणि प्लगही कोरडे, म्हणजे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर पण उघडत नाहीत. दोन्ही एकदम बंद म्हणजे इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाहीये, आणि ते त्याला सांगतो क्रँक सेन्सर. सील बदलायला त्याच्या शेजारीच हात घातलेला आहे. एक तर कपलर (वायरचा जोड) नीट बसला नाही, नाहीतर वायर कव्हरखाली चेमटली, नाहीतर सेन्सर वाकडा बसवलाय.

मी आयटीआयला शिकवते, पोरांना पहिलं हेच करायला लावते. कपलर काढा, सेन्सरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावून ओहम बघा. मग मीटर व्होल्टवर करा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा.

गाडीवाला_अंबाजोगाई
शेजारच्या मोटार रिवायंडिंगवाल्याचं मीटर आणलं. ओहम पाचशेच्या आसपास. सेल्फ मारताना व्होल्ट शून्य, हललंच नाही. म्हणजे सेन्सर गेला ना? मागवून घेऊ का?

सदाफुली
थांबा, मीटर डीसीवर तर नाही ना? हा सेन्सर म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली तार, क्रँकवरचा दात समोरून गेला की उलटसुलट करंट तयार होतो. एसीवर लावा.

गाडीवाला_अंबाजोगाई
हाव, डीसीवरच होतं. एसीवर ०.०६ दाखवायलंय.

स्पॅनरदादा
आहे पण नसल्यासारखं. अर्धा-एक व्होल्ट तरी पाहिजे. तार शाबूत आहे म्हणजे सेन्सर जिवंत आहे, दातापासून लांब बसलाय. टॉर्च धरून बघा खाली.

मोंढा_नाका
माझं अजून म्हणणं तेच, बेल्ट काढल्याशिवाय कळणार नाही.

लातूरकर७२
ईसीएम लागलाच तर गंजगोलाईच्या मागं एक जण आहे, जुने मिळतात.

स्पॅनरदादा
ईसीएम नाही लागत म्हणून तर एवढं चाललंय, दादा.

गाडीवाला_अंबाजोगाई
सापडलं!!! गाडीखाली पोतं टाकून मी स्वतः घुसलो. सेन्सरचा मूळ बोल्ट सील बदलताना कुठंतरी हरवला असंल, मिस्त्रीनं दुसरा लांबडा बोल्ट लावला, तो तळाला टेकून सेन्सर ढिला राहायला म्हणून सेन्सरच्या कानाखाली दोन वायसर सरकवले. त्यामुळं सेन्सर वर उचललेला, दातात अन् त्यात माझं नख आरामात जायलं होतं. वरून टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला, दाढी उगवल्यासारखा. कीस पुसला, वायसर काढले, बरोबर लांबीचा बोल्ट सायकलवाल्याकडं मिळाला. मीटर १.१ दाखवलं. कपलर लावला, दुसऱ्या सेल्फला चालू. बारा हजाराचा ईसीएम दोन वायसरमध्ये निघाला.

सदाफुली ताई, स्पॅनरदादा, लई उपकार झाले.

सदाफुली
छान झालं. फक्त सायकलवाल्याचा बोल्ट कायमचा ठेवू नका, सवडीनं ओरिजिनल घ्या. आणि वायर पुलीला घासत नाही ना, तेवढं बघा.

गाडीवाला_अंबाजोगाई
बघितलं, टाय मारून बांधली. आता एक सांगा, मिस्त्री दोन दिवस शोधाशोध केली म्हणून वरचे आठशे मागायलाय. द्यायचे का?

मोंढा_नाका
द्या. गरिबाची मजुरी बुडवू नये.

स्पॅनरदादा
कशाचे? वायसर टाकायचे की काढायचे?

इंडिकावाला
ते जाऊ द्या, नांदेडला गंगाखेडवरून जायलात की अहमदपूर-लोह्यावरून? गंगाखेडवरून जायचं असंल तर माझं एक पोतं न्यायचं होतं.