रिपोर्ट बाबांचा, मग आधी मुलाला का सांगायचा?

दुसरा बाक: काल इथे एकाने लिहिलं, "डॉक्टरने आम्हाला बाजूला न घेता कॅन्सरचं थेट बाबांनाच सांगितलं. माणुसकी संपली." डोकंच फिरलं. अहो, गाठ त्यांची, रिपोर्ट त्यांचा! आपल्याकडे पेशंट सोडून अख्ख्या भावकीला आजार ठाऊक असतो. माझ्या मावशीला "अल्सर आहे" म्हणत केमो दिली. तिला कळलं होतं, पण आम्हाला वाईट वाटेल म्हणून तीही गप्प. जमिनीची वाटणी, बँकेच्या सह्या, सगळं राहून गेलं.

निवृत्त हेडमास्तर: मेडिकल कौन्सिलची २००२ ची नियमावली वाचा. आजाराची कल्पना नातेवाईकांनाही असावी, असं त्यात आहे. शिवाय बिल कोण भरतं?

रात्रपाळी: सर, त्यातलंच ७.१४ कलम पण वाचा. पेशंटचं गुपित फोडायचं नाही. अपवाद कोर्टाचा आदेश, कुणाच्या जिवाला गंभीर धोका आणि सरकारला कळवायचे आजार, २०१२ पासून टीबीसुद्धा. बिल भरणारा मुलगा त्यात नाही.

चिंचेचा कोळ: कलमं कसली कुटताय? आमच्या दवाखान्यात एकाला तपासताना पुढचे तिघे आतच बाकावर. कंपाउंडर सगळ्यांदेखत ओरडला, "ताई, पाळी कधी चुकली?" मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना बातमी!

रात्रपाळी: आमच्या ओपीडीत एका टेबलाला दोन डॉक्टर. पडदा मागितला तर स्टोअरवाले म्हणतात, मागणीपत्र भरा.

चिंचेचा कोळ: पडद्याला पैसे लागतात, हळू बोलायला नाही लागत.

रात्रपाळी: बाहेर दीडशेची रांग लावून बघा एकदा, मग शिकवा.

निवृत्त हेडमास्तर: विषय भरकटतोय. लग्न ठरलेल्या मुलाला एचआयव्ही असेल तरी गप्पच? १९९८ मध्ये अशी गोष्ट सांगून टाकणाऱ्या हॉस्पिटलचीच बाजू सुप्रीम कोर्टाने घेतली होती.

दुसरा बाक: त्यानंतर २०१७ चा एचआयव्ही कायदा आला, सर. जोडीदाराला धोका असला तरी आधी पेशंटचं समुपदेशन, त्याला स्वतः सांगायची संधी. तो सांगणारच नाही असं दिसलं, तर त्याला कल्पना देऊन मग डॉक्टर सांगू शकतो. भावी सासऱ्याला फोन नव्हे.

निवृत्त हेडमास्तर: कायदा ठेवा तुमच्यापाशी. ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या तोंडावर कॅन्सर म्हणणारा डॉक्टर आमच्या दारात नको.

रात्रपाळी: मी तपासणीआधीच विचारते, "आजोबा, रिपोर्ट तुम्हाला सांगू की पोराला?" केसपेपरवर लिहून सही घेते. काही जण म्हणतात, पोरालाच सांग. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

निवृत्त हेडमास्तर: चला, उपकार झाले.