काचेची टाकी की प्लास्टिकची? दादाच्या व्हेपसाठी (ई-सिगारेटसाठी) सल्ला हवा

दादरची_सई:
दादा मँचेस्टरला असतो. बारा वर्षं सिगारेट ओढायचा. दीड वर्षापूर्वी व्हेपवर आला, तेव्हापासून एकही सिगारेट नाही. आता व्हेपच्या लिक्विडच्या टाकीला बारीक तडे गेलेत, लिक्विड झिरपून खिसे चिकट होतात. वाढदिवसाला तिथल्याच दुकानातून नवी टाकी मागवून द्यायची आहे. तो रोज सायकलने कामावर जातो, म्हणून काचेची भीती वाटते.

माहीमकर:
फ्लेवर कुठला वापरतो?

दादरची_सई:
संत्रं. थंडीत दालचिनी.

माहीमकर:
मग तडे टाकी खाली पडल्यामुळे नाहीत, लिक्विडमुळे आहेत. संत्र्याची साल थर्माकोलवर पिळून बघ, मखराच्या तुकड्यावरही चालेल. थर्माकोल विरघळतो. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, ते टाकीच्या प्लास्टिकलाही, म्हणजे पॉलिकार्बोनेट आणि अ‍ॅक्रिलिकला, खातं. दालचिनीचं तेलही तसंच. प्लास्टिकची घेतलीस तर पुन्हा तडे जातील. शिवाय लोणच्याच्या डब्यासारखा आधीचा वास प्लास्टिकमध्ये राहतो, काच धुतली की स्वच्छ.

मी लंडनला सहा वर्षं होतो, माझ्याकडून दोन काचा फुटल्या. पण तिथे फक्त काचेची नळी वेगळी मिळते, पूर्ण टाकी बदलावी लागत नाही. वर सिलिकॉनचं रिंग चढवलं की धक्का बराच सोसते. सरळ काचच घे. नळी मात्र त्याच मॉडेलची हवी, थोडी जरी लहान-मोठी असली तरी गळते. म्हणून मॉडेलचं नाव आणि जुन्या टाकीचा फोटो मागव.

परळकर_सिस्टर:
काचेच्या बाजूने माझंही मत. पण गणपतीला तो मुंबईत येणार असेल तर हे सगळं तिकडेच ठेवायला सांग. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात आणि विक्री दोन्ही बंद आहेत, नुसता सुटा भागसुद्धा चालत नाही. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या दहा दिवसांत सिगारेटकडे परत वळू नये म्हणून निकोटिन गमबद्दल त्याने निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. घरात लहान मुलं असतील तर लिक्विडची बाटली कुलपात हवी, निकोटिन पोटात गेलं तर विषबाधा होते.

दादरची_सई:
सिस्टर, हे मला माहीतच नव्हतं. मी तर तिथल्या दुकानातून इथे घरी मागवून त्याच्या मित्राबरोबर पाठवणार होते. दादा येणार आहे, आणि आमच्याकडे भाचीही आहे, तीन वर्षांची.

परळकर_सिस्टर:
मग आजच फोन कर. काच तिकडेच पोहोचू दे.

दादरची_सई:
केला. मॉडेल कळलं, सोबत दोन जादा काचा मागवते. गमचं त्याने स्वतःहून विचारलं.