रेट्रो फॉन्ट फुकट मिळाला म्हणून दुकानाच्या बोर्डावर चढवायचा का?

शाईची बाटली

कोल्हापुरात राजारामपुरीत नवीन उघडलेल्या कॅफेंचे बोर्ड बघा. गोलगोल, जाड, सावली पाडलेली अक्षरं, मागं फिकट केशरी रंग. मिसळवाले, आइस्क्रीमवाले, सलूनवाले, सगळ्यांना एकदम जुनं दिसायचंय. दिसू देत, मलाही तो प्रकार आवडतो. माझा सवाल ती अक्षरं येतात कुठून हा आहे.

हा धागा काढायचं निमित्त असं झालं की ओळखीतल्या एका कॅफेवाल्यानं बोर्ड, मेनूकार्ड, पोरांचे टी-शर्ट असं सगळं एकाच इंग्रजी रेट्रो फॉन्टमध्ये करून घेतलं. इन्स्टावर फोटो टाकला तर खाली खुद्द फॉन्ट करणाऱ्याची कमेंट: व्यावसायिक परवाना घेतलाय का? माणूस परदेशातला. बॅनरवाल्याला विचारलं तर तो म्हणे, "फ्री डाउनलोड होता की." डाउनलोड केलेली झिप उघडून बघितली. फॉन्टशेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल: स्वतःपुरत्या वापराला मोफत, धंद्यासाठी आधी परवाना विकत घ्या, खाली मेल आयडी. ती फाइल कुणी उघडलीच नव्हती.

माझं मत सांगतो. गिऱ्हाइकाच्या कामात एकतर खुल्या परवान्याचा फॉन्ट वापरायचा नाहीतर पैसे मोजून घेतलेला. 'पर्सनल यूज' लिहिलेला फॉन्ट पोरीच्या वाढदिवसाच्या कार्डावर वापरा की, कोण नको म्हणतंय. पण बोर्डावर नाही, आणि ज्या टी-शर्टाचे पैसे घेता त्यावरही नाही.

फ्लेक्सवाला लक्ष्मीपुरी

भावा, एकदा दुकानात येऊन बस. गिऱ्हाईक रात्री साडेनवाला व्हॉट्सअॅपवर कुठला तरी फोटो टाकतंय आणि म्हणतंय, असलंच अक्षर पायजे, सकाळी चौकात लागलं पायजे. स्क्वेअर फुटामागं सुटतंय काय? डिझाइनचे पैसे मागितले तर "टायपिंगचं कसलं पैसे" म्हणून वर आम्हालाच ऐकवतंय. त्यात मी परदेशातल्या माणसाला मेल घालून उत्तराची वाट बघत बसू? तोवर वाढदिवस होऊन फ्लेक्स उतरलेला असतोय.

आणि बोर्ड कुणाचा? कॅफेवाल्याचा. नाव त्याचं, गल्ला त्याचा. परवाना त्यानं घ्यावा. आम्ही छापणारी माणसं.

शाईची बाटली

घ्यावा त्यानंच. पण फॉन्ट कुठला टाकलाय हे त्याला कसं कळणार? ते फक्त तुम्हाला माहीत असतं.

पापाची तिकटी

जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानला आपल्यासारखीच चप्पल रॅम्पवर आणली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा अख्खं गाव तापलं होतं. चपलेला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे म्हणून आपण छाती पुढं काढून बोललो. मग दुसऱ्याचं काम आपण नाव न घेता, पैसे न देता उचललं की ते कसं "चालतंय की"?

फ्लेक्सवाला लक्ष्मीपुरी

प्राडा आणि माझं आठ बाय दहाचं दुकान एकाच तागडीत घातलंस. नाद खुळा.

पंचगंगेकाठचा

भांडा निवांत, पण मधे जरा कामाचं सांगू द्या. 'फ्री'च्या बाबतीत निम्मा घोळ झिप न वाचता इन्स्टॉल मारण्यानं होतो.

डाफॉन्टसारख्या साइटवर प्रत्येक फॉन्टच्या डाउनलोड बटणाजवळ बारीक अक्षरात शेरा असतो: शंभर टक्के फ्री, फ्री फॉर पर्सनल यूज, डेमो, डोनेशनवेअर. हे सगळे वेगवेगळे. शेऱ्यात एक आणि झिपमध्ये दुसरंच असंही होतं, तेव्हा झिपमधली फाइल वाचायचीच. ज्याला एवढाही वेळ नाही त्यानं गूगल फॉन्ट्सवरून घ्यावा. तिथले बहुतेक फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसनखाली आहेत, आवृत्ती १.१, साल २००७. त्यात बोर्ड, लोगो, टी-शर्ट, पुस्तक, पॅकिंग सगळं चालतं आणि कामावर फॉन्टचं नाव छापायची सक्ती नाही. नुसता फॉन्ट एकटा विकायचा नाही, दुसऱ्याला दिला तर लायसनची फाइल सोबत द्यायची, आणि आत बदल केलेत तर मूळचं राखीव नाव लावायचं नाही. बस, एवढंच.

रेट्रो म्हणजे इंग्रजीच असं का धरून चालतोय आपण? यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या स्टेशनांवर हातानं रंगवलेल्या पाट्या असायच्या, त्यावरून केलाय. जैनी तर १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून आलाय. गुबगुबीत पायजे असेल तर मोदक आहे. जैनी आणि मोदक मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचे. तिन्ही याच खुल्या परवान्याचे.

फॉन्ट पसंत करायच्या आधी त्यात 'कोल्हापूर, पन्हाळा, कऱ्हाड, आजऱ्याचा घनसाळ' एवढं टाइप करून बघायचं. देखण्या पण कच्च्या फॉन्टमध्ये 'ल्ह' फुटतो, ल खाली पाय मोडून एकीकडं आणि ह दुसरीकडं. 'कऱ्हाड'मधला र तर बऱ्याच ठिकाणी रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो. गावाचंच नाव धड येईना तो फॉन्ट फुकट असून काय चाटायचाय? ल आणि श चं मराठी वळण येत नसेल तर प्रोग्राममध्ये भाषा हिंदीची मराठी करून बघा. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आत असतात, भाषेप्रमाणं बदलतात.

बसवायचं म्हणाल तर झिप आधी एक्स्ट्रॅक्ट करा. आत टीटीएफ किंवा ओटीएफ, म्हणजे फॉन्टची फाइल, असायला पायजे. ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल, निघाली तर हात लावू नका, फॉन्टला ईएक्सई लागत नाही. विंडोज १० पासून नुसतं इन्स्टॉल दाबलं तर फॉन्ट त्या लॉगिनपुरता बसतो आणि काही प्रोग्रामना दिसतच नाही. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' घ्या, कोरल, म्हणजे आपला डिझाइनचा प्रोग्राम, बंद करून परत उघडा. फारच जुनं कोरल असेल तर युनिकोड देवनागरीची पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. तो दोष फॉन्टचा नाही.

आणि ते हजारो फॉन्टचं कलेक्शन पेनड्राइव्हवरून या दुकानातून त्या दुकानात फिरतंय ना, त्याच्याबरोबर एकही लायसनची फाइल फिरत नाही. कुठला फॉन्ट कुठून आला हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बिंदू चौक

कायद्याचं थोडं, कारण वर दोन्ही बाजू जरा जास्तच ठामपणे बोलतायत. अक्षराच्या आकाराला भारतात कॉपीराइट देता येत नाही, असं कॉपीराइट बोर्डानं २००२ मध्ये एका फॉन्टच्या नोंदणीच्या प्रकरणात म्हटलंय. म्हणून "दिसायला सारखं अक्षर काढलं" एवढ्यावर कुणी लगेच चोर ठरत नाही. पण फॉन्टची फाइल ही वेगळी चीज. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो आणि फाइलवर हक्क सांगणारे त्याच दारानं येतात. शिवाय ज्या अटीवर फाइल दिली ती अट मोडली, हा मुद्दा राहतोच. थोडक्यात, भिंतीवरची पाटी बघून हातानं अक्षर काढणारा आणि 'पर्सनल यूज'ची झिप उतरवून बोर्ड छापणारा एकाच रांगेत उभे नाहीत.

आणि हो, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच गावातच बसतंय. मुंबईला कोण जातंय म्हणायची सोय गेली.

गेरू

एवढा वेळ वाचत होतो. माझे वडील पेंटर. गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्यात. खडूच्या पुडीत सूत घोळायचं, दोघांनी दोन टोकं भिंतीवर ताणून धरायची, मधे चिमटीत उचलून सोडलं की सरळ रेघ. तिच्यावर शिरोरेघ. मग चपट्या ब्रशनं अक्षर, आणि ते वाळल्यावर शेड. प्रत्येकाचा र वेगळा, लांबून बघूनच कळायचं पाटी कुणाची ते. ज्या गावात बाबूराव मेस्त्रींना लोक बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखायचे, त्या गावात या कामाला मान होता.

फ्लेक्स आला आणि काम गेलं. आता कुणी तरी त्याच पाट्यांचे फोटो काढून फॉन्ट करतो, 'व्हिंटेज इंडिया' असलं काहीतरी नाव ठेवतो आणि परवाना विकतो. त्याच्या परवान्याची एवढी काळजी करताय, तर ज्याच्या हातचं वळण उचललं त्याचा परवाना कुणी मागितला होता? म्हणून मला ह्या धाग्याचा सूरच पटत नाही. फॉन्टवाला तेवढा कलाकार आणि पाटीवाला काय, भिंत?

शाईची बाटली

गेरू, तुमची चीड रास्त आहे. पण तिचा शेवट "मग कुणालाच पैसे नकोत" असा होत असेल तर ते मला पटणार नाही. दिल्लीत हनीफ कुरेशींनी हँडपेंटेड टाइप नावाचं काम केलं. रस्त्यावरच्या पेंटरांकडून अक्षरं रंगवून घेतली, त्यांचे फॉन्ट केले आणि फॉन्टला त्या पेंटरचंच नाव दिलं. पेंटर काफील हा त्यातलाच. उचलायचं तर असं उचलता येतं.

गेरू

येतं की. करतात किती? आणि तुम्ही मगाशी म्हणालात, एकतर खुला नाहीतर विकतचा. तिसरा रस्ता तुमच्या यादीतच नाही: पेंटरला बोलवा. आमच्या गल्लीत अजून दोघं जण रंगवतात. रेट्रो पायजे ना? ते रेट्रोच करतात, त्यांना दुसरं येतच नाही.

पापाची तिकटी

हे बरोबर बोललास भावा. कॅफेवाला आतल्या सजावटीवर लाखानं खर्च करतोय आणि बोर्डाला फुकटचा फॉन्ट.

शाईची बाटली

यादीत घालतो तिसरा, आनंदानं. मात्र मेनूकार्ड आणि इन्स्टाच्या पोस्टला रोज पेंटर कुठून आणायचा? तिथं फॉन्ट लागणारच, आणि तिथं माझं म्हणणं तसंच आहे.

गेरू

मग एकदा अक्षरं रंगवून घ्या, स्कॅन करा, ठरवून पैसे द्या, खाली त्याचं नाव टाका. नाही जमत तर नाही जमत म्हणा.

फ्लेक्सवाला लक्ष्मीपुरी

तुम्ही सगळे कलाकार. उद्या सकाळी माझ्याकडं कऱ्हाडच्या एका दुकानाचं काम आहे. ते यात्रा वन टाकून बघतो. 'कऱ्हाड' फुटलं तर इथं येऊन बोलणार, सोडणार न्हाई.

पंचगंगेकाठचा

कोरल कुठलं आहे ते आधी सांगा. आणि बाहेर छापायला देणार असाल तर कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पाठवा, म्हणजे फॉन्टची फाइल कुणाला द्यायचा प्रश्नच येत नाही. कर्व्ह न केलेली एक प्रत स्वतःकडं ठेवा, नाहीतर फोन नंबर बदलायला परत पहिल्यापासून.

फ्लेक्सवाला लक्ष्मीपुरी

कर्व्ह मला शिकवू नको, केस पांढरे झालेत त्यात. बिलावर मात्र आजपासून एक ओळ छापणार: फॉन्टच्या परवान्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची.

शाईची बाटली

छापा. पण त्या ओळीशेजारी फॉन्टचं नाव आणि तो कुठून उतरवला तेही लिहा. त्याशिवाय गिऱ्हाईक जबाबदारी घेणार कशाची?

फ्लेक्सवाला लक्ष्मीपुरी

लिहितो. पण आता टायपिंगचे पैसे लावणार.