बूगरोच्या चित्रांतलं दुःख खरं की नुसतंच गुळगुळीत?

चित्रवेडी: फ्रेंच अकॅडमिक चित्रकार, म्हणजे एकोणिसाव्या शतकात कला अकादमीच्या नियमांनी गुळगुळीत चित्रं काढणारे, त्यांच्यात नुसती टेक्निक, जीव नाही, हे आता ऐकवत नाही. त्यांच्यातल्याच बूगरोचं 'पहिला शोक' (१८८८) नीट बघा. बायबलमधल्या आदाम-हव्वेचा मुलगा हाबेल, त्याचं प्रेत आदामाच्या मांडीवर आडवं पडलंय, आदामाचा एक हात स्वतःच्या छातीवर गच्च, आणि हव्वा तोंड लपवून त्याला बिलगून रडतेय, तिचा चेहरा दिसतच नाही तरी सगळं पोचतं. या माणसाचा मुलगा जॉर्ज १८७५ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी त्याने 'पिएता' (मेलेल्या येशूला कवेत घेतलेली मेरी) रंगवलं, १८७७ मध्ये तान्हं बाळ आणि बायकोही गेली. आणि याला जीव नाही म्हणायचं?

खडूकोळसा: दुःख खरं होतं यावर वादच नाही हो, चित्रात ते उतरलंय का ते बोला. सगळी कातडी मेणासारखी, कुठे राठपणा नाही. चेहरा झाकायची युक्ती तर प्राचीन ग्रीक चित्रकार तिमान्थिसची, इफिजेनिया या राजकन्येच्या बळीच्या चित्रात त्याने तिच्या बापाचं तोंड असंच झाकलं होतं. त्याच काळातल्या वास्तववादी कूर्बेचं 'ऑर्नांचा दफनविधी' बघा! साडेसहा मीटर लांब, गावातलीच माणसं उभी केलीत, कुणी रडतंय, कुणी भलतीकडेच बघतंय, मधे उघडा खड्डा आणि शेजारी कुत्रा. एवढा कॅनव्हास देवादिकांसाठी आणि राजांसाठी असायचा, म्हणून तर पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, लोक खवळले.

चित्रवेडी: कूर्बे मलाही आवडतो, पण तो खरा म्हणून हा खोटा कसा? आणि कातडी एकसारखी कुठेय, आदामाचा रापलेला रंग आणि हाबेलचा फिका पडलेला रंग शेजारी शेजारी ठेवलेत, मेलेला कोण ते रंगच सांगतो. युक्ती जुनी असली म्हणून काय झालं, रडताना माणूस तोंड झाकतोच की.

रंगपेटी: मला दुसऱ्या अकॅडमिक चित्रकाराचा, काबानेलचा 'पतित देवदूत' (१८४७) आठवतो. अर्धा चेहरा दंडाआड, डोळा लाल, कडेला पाणी, बोटं एकमेकांत आवळलेली. त्या एका डोळ्यात राग आणि अपमान दोन्ही आहेत. पण याच काबानेलची १८६३ ची व्हीनस (रोमन प्रेमदेवता) बघा, लाटेवर आरामात लोळतेय, फ्रान्सचा सम्राट नेपोलियन तिसऱ्याने विकत घेतली पण. त्यात भावना शोधून दाखवा कुणीतरी.

चित्रवेडी: व्हीनस सोडून देते, ती मलाही रिकामीच वाटते. पण बूगरोचं 'दांते आणि व्हर्जिल' (१८५०) बघा ना, हे दोघे कवी नरकात उभे राहून बघतायत आणि पुढे एक जण दुसऱ्याच्या गळ्याला चावतोय, गुडघा पाठीत रोवलाय, नखांखाली कातडीच्या वळ्या पडल्यात. सैल ब्रशने ती वळी दिसलीच नसती, गुळगुळीत फिनिश इथेच कामाला येतं.

खडूकोळसा: ते जबरदस्तच आहे, पण तेव्हा तो पंचविशीत होता, नाव कमवायचं होतं. पुढे तसं कुठे काढलं त्याने?

चित्रवेडी: काढलं की! १८६२ चं ग्रीक पुराणातल्या ओरेस्टिसचं बघा. आईला मारलंय त्याने, ती छातीत खंजीर खुपसलेली शेजारीच, सूडदेवता कानाशी किंचाळतायत आणि हा दोन्ही कान दाबून पळतोय. त्या हातांकडे बघा आणि मग सांगा.