१९९५ ची टोयोटा लँड क्रुझर ८० सिरीज डिझेल घ्यायची आहे, आपल्या खाऱ्या हवेत काय काय बघून घेऊ?

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. वाचतोय बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. गुहागर तालुक्यात घर आहे, आंबा-काजूची थोडी बाग आहे, त्याआधी बरीच वर्षं गल्फमध्ये नोकरी केली. तिथे साइटवर लँड क्रुझर ८० सिरीज हाताखाली होती आणि तेव्हापासून ती गाडी डोक्यात बसली ती बसलीच. तिथल्या बहुतेक पेट्रोल, मला मात्र पहिल्यापासून डिझेलच हवी होती, ती मोठी सहा सिलिंडरची, जिला कुठल्याही गावातलं डिझेल चालतं.

आता योग आलाय असं वाटतंय. सावंतवाडीच्या बाजूला एका काकांकडे १९९५ ची आहे, १एचझेड इंजिन (तेच सहा सिलिंडरचं डिझेल), पाच गिअर मॅन्युअल, राइट हँड, मुंबई पासिंग. त्यांच्या थोरल्या भावाने परदेशातून कायमचं परत येताना ड्युटी भरून आणली होती. भाऊ वारले, तेव्हापासून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, काका अधूनमधून स्टार्ट करतात. मी गेलो तेव्हा बॅटरी लावून स्टार्ट करून दाखवली, सुरुवातीला पांढरा धूर, मग पाचेक मिनिटांत साफ. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला खरंच. आतलं सीट, डॅशबोर्ड सगळं ओरिजिनल आहे. काकांनाही गाडी भंगारात जायला नकोय, नीट ठेवणाऱ्यालाच द्यायची आहे. किंमत इथे लिहीत नाही, काकांनी तशी विनंती केलीय.

माझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. मागच्या दाराला थोडा गंज दिसला, खाली वाकून बघितलं तर सगळीकडे लाल माती बसलेली, नीट कळलं नाही. तर विचारायचं असं की गंज किती असला तर सोडून द्यायची, पार्ट मिळतात का, आणि कागदपत्रांत काय बघायचं. घाईने घ्यायची नाहीये पण सोडायचीही नाहीये.

मिरजोळे पत्रा

दादा, पहिल्यांदा अभिनंदन, अशी गाडी शेडमध्ये ओरिजिनल मिळणं आता कठीण झालंय. मी रत्नागिरीत पत्र्याचं आणि चेसीसचंच काम करतो म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो, इंजिनवाले बाकीचे सांगतीलच.

आधी गाडी धुवून घ्या. काकांना सांगा, प्रेशरने खालून धुतल्याशिवाय बघणार नाही. जांभ्याची माती चेसीसच्या पेटीत, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या पोकळ भागात शिरते, तळातली पाणी जायची भोकं बुजवते, आणि मग आतल्या आत ओल राहते. खाऱ्या हवेपेक्षा मला या मातीची जास्त भीती वाटते, कारण मीठ पाण्याने धुतलं जातं, ही आत बसून पावसाळाभर मीठ धरून ठेवते. धुतल्यावर छोटी हातोडी घ्या आणि मागच्या चाकाच्या वरून मागच्या क्रॉस मेंबरपर्यंत (चेसीसची आडवी पट्टी) चेसीस हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा खणखण वाजतो, सडलेल्या जागी बद्द आवाज येतो आणि पापुद्रा सुटतो. जिथे मागच्या कॉइल स्प्रिंगची बैठक आहे आणि जिथे एक्सलचे आर्म चेसीसला धरलेत तिथे बद्द आवाज आला तर मी म्हणेन हात जोडा आणि परत या. बाकी क्रॉस मेंबर, फूटबोर्ड, दारं वगैरे होतं सगळं, पैसे आणि वेळ लागतो इतकंच.

बॉडीत ८० सिरीजच्या ठरलेल्या जागा आहेत. पुढच्या काचेच्या खालचे दोन कोपरे, तिथलं रबर बोटाने जरा उचलून बघा, आत रंगाला फोड आलेले असतील किंवा तपकिरी पाणी ओघळल्याची खूण असेल तर काच काढावीच लागणार, आणि काच काढली की भोक तुम्हाला वाटलं त्याच्या दुप्पट निघतं. मग छताची पन्हाळी. मग मागचं दार, ते तुम्ही बघितलंतच. आणि दारांच्या खालच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी असते ना, तिच्यामागे माती साठते, जमलं तर एक पट्टी काढूनच बघा. कार्पेट उचला, फ्लोअरला हात लावा, ओलसर लागला तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय व्यवहार नको.

घेतलीत तर अंडरकोटिंगचं डांबरासारखं काळं जाड मारून घेऊ नका लगेच. गंजावर ते मारलं की वरून गाडी छान दिसते आणि आत पत्रा खात राहतो. वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, मग एपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि पेटीच्या आत भोकांतून लांब नळीने वॅक्स. जळकं ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने बुशांची रबरं फुगतात आणि धूळ चिकटून थर बसतो, या गाडीला नको. आणि हे सगळं काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत उरकायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्या हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीत लाली चढते, पावसाळ्यात कोणी रंग मारून देतो म्हणाला तर देऊ नका.

रोजचं म्हणाल तर समुद्राजवळ घर असणाऱ्याने पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने खालून धुवावी. खाडीच्या फेरी बोटीतून नेलीत तर त्याच दिवशी. एवढं केलंत तर टिकेल, का नाही टिकणार.

कुडाळचो

वरच्यान बरोबर सांगितल्यान. माझ्याकडे जुनी जीप असा, मी पण समुद्राजवळच रवतंय, धुतल्यार काय होणा नाय. सावंतवाडी माका जवळ असा, तुमका गाडी बघूक कोणतरी हवो असलो तर मी येतंय, हातोडी मीच घेऊन येतंय. कव्हर घालून ठेवू नको हां, कव्हराखाली घाम धरता, वरती कौलां आनी बाजून मोकळो वारो असलेलो मांगर सगळ्यात बरो.

कागद आधी

मी गाडी बघायच्या आधी कागद बघतो, आणि इम्पोर्टेडला तर नक्कीच. काकांकडे कस्टम्सचं बिल ऑफ एन्ट्री (गाडी आयात केल्याची नोंद) आणि ड्युटी भरल्याची पावती आहे का विचारा. नुसत्या आरसीवर विश्वास ठेवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आलेल्या महागड्या गाड्यांवर छापे घातले, त्यात लँड क्रुझरही होत्या, आणि आरसी त्या गाड्यांनाही होतीच. तुमच्या काकांची कहाणी खरीच असेल, पण कागद हातात असले की तुम्हीही निर्धास्त आणि काकाही. चेसीस नंबर उजव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ चेसीसवरच ठोकलेला असतो, तो वायर ब्रशने साफ करून आरसीशी, बिल ऑफ एन्ट्रीशी आणि बॉनेटखालच्या प्लेटशी अक्षर न अक्षर जुळवा, फोटो काढून ठेवा.

दुसरं, आरसी भावाच्या नावावर आहे म्हणजे आधी वारसाच्या नावावर ट्रान्सफर व्हायला हवी, मग तुमच्या. बाकीच्या वारसांची ना हरकत आत्ताच घ्या, सगळे गोडीत असताना.

तिसरं म्हणजे नूतनीकरण. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून आरसी रिन्यू करावी लागते. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५,००० आणि इम्पोर्टेडला ४०,००० रुपये झाले होते, आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते दुप्पट केले, म्हणजे इम्पोर्टेड चारचाकीला ८०,०००. त्यावर ग्रीन टॅक्स आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. आरसीची मुदत कधी संपली ते बघा, उशिराचा दंड महिन्यावर चढतो. हे सगळं किमतीत धरूनच काकांशी बोला, ते समजूतदार वाटतायत.

आणि कोणी तुम्हाला म्हणालं की गल्फमधूनच एखादी जुनी मागवू, तर तो विषय तिथेच सोडा. वापरलेली गाडी आणायची तर तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि राइट हँड लागते, तिथल्या ८० दोन्हीत बसत नाहीत.

आंबा घाट

एक वेगळा विचार सुचवतो. पजेरो एसएफएक्स बघितलीत का? २.८ डिझेल, ४एम४० इंजिन. चेन्नईजवळ तिरुवल्लूरला जोडलेली, त्यामुळे रिन्यूअलला इम्पोर्टेडचा रेट लागू नये, आरसी बघून खात्री करा. दिल्लीत जुन्या डिझेलवर निर्बंध असल्यामुळे तिकडून एनओसीवर स्वस्तात येतात. फक्त ४एम४० गरम झालं की हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) क्रॅक जातो, आणि फोर व्हील लावल्यावर डॅशवरचा दिवा मिचमिचत राहिला तर व्हॅक्यूमचे सोलेनॉइड (फोर व्हील जोडणारे छोटे व्हॉल्व्ह) बघावे लागतात. पण गाडी चांगली आहे, मी दर आठवड्याला घाट चढतो तिने.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. आंबा घाट, पजेरो चांगली आहे यात वाद नाही, पण मला हीच हवीय. इतकी वर्षं मनात ठेवलेली गाडी समोर उभी असताना दुसरी घेतली तर ती चालवताना मन हिच्यातच राहील. काकांशी फोनवर बोललो, बिल ऑफ एन्ट्री आहे, भावाने सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलंय. आरसीची मुदत मात्र संपलीय. बहिणीची सही लागेल, ती पुण्याला असते, द्यायला तयार आहे. कुडाळकर भाऊ, तुम्हाला मेसेज करतो, रविवारी जमलं तर फार बरं होईल. आता त्या पांढऱ्या धुराचं कोणी सांगेल का, आणि इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीचं आधी काय काय करायचं?

ट्रॉलर डिझेल

मी सांगतो, मिरकरवाड्याला बोटींच्या इंजिनचं काम करतो आणि दोन-तीन १एचझेड हाताखालून गेलीयत. हे इंजिन म्हणजे ४१६४ सीसी, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच, समजून घेतलं तर सोपं आहे. आणि हेच इंजिन टोयोटाने ७० सिरीजमध्ये पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं म्हणून पार्टची काळजी करू नका, पिस्टन रिंगपासून गॅस्केटपर्यंत नवीन मिळतं, दुबईहून मागवता येतं. व्हील बेअरिंग, ऑइल सील हे जुन्यावरचा नंबर वाचून इथल्या बेअरिंगच्या दुकानातही मिळून जातं बऱ्याचदा.

पांढरा धूर डिझेलच्या वासाचा आणि पाच मिनिटांत जाणारा असेल तर घाबरायचं कारण नाही, सहापैकी एक-दोन ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्ट करताना आत गरम करणारे) गेलेत किंवा नोझल डिझेल नीट फवारत नाहीत. नोझल काढून आमच्याकडच्या पंप लॅबमध्ये प्रेशरवर टेस्ट करून घ्या, बोटवाल्यांमुळे इथे हे काम चांगलं होतं, पंपही तिथेच कॅलिब्रेट करून मिळेल. पण धुराला गोडसर वास असेल आणि गरम झाल्यावरही येत असेल तर तो कूलंटचा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, स्टार्ट करा, पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट किंवा हेडच. कधी गरम झालेली असेल तर या हेडला प्रीचेंबरजवळ (डिझेल पेटतं ती छोटी पोकळी) क्रॅक जातो. म्हणूनच कोणी टर्बो बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा, चढाला सावकाश चढेल, चढू द्या.

टाइमिंग बेल्ट आहे याला, चेन नाही. एक लाख किलोमीटरला बदलायचा, डॅशवर त्याचा दिवाही लागतो, पण दिवा रिसेट करता येतो त्यामुळे दिव्यावर जाऊ नका. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन बसतं. शेडमधून चालवत आणूच नका, टेंपोवर आणा, बेल्ट बदलल्यावरच रस्त्यावर काढा.

उभ्या गाडीचं म्हणाल तर टाकी पूर्ण रिकामी करून खालचं पाणी आणि गाळ काढा, फिल्टर बदला. ब्रेक बहुतेक धरलेले असणार, चारही चाकांचे खोला. टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, नक्षी कितीही असली तरी जुने टायर घाटात नकोत. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधली गिअरची पेटी) ऑइल काढून बघा, ताकासारखं पांढरट निघालं तर पाणी शिरलंय. चिपळूणच्या २०२१ च्या पुरातल्या कितीतरी गाड्या नंतर भलतीकडे विकल्या गेल्या, म्हणून शेडमधली असली तरी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ आहे का ते बघा. आणि पुढच्या चाकांच्या मागे नकलचा (चाक वळवणाऱ्या सांध्याचा) गोळा असतो त्याच्यावरून काळं पातळ ओघळ येत असेल तर आतलं ऑइल सील गेलंय, ग्रीस आणि ऑइल एकत्र झालंय. ते सगळ्या जुन्या ८० ना होतं, किमतीत धरा, त्यासाठी गाडी सोडू नका.

वेळासच्या वाटेवर

गाडी झाली की पुळणीवर नेऊ नका एवढंच सांगायचंय. नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालतात, घरटं वरून दिसत नाही. वेळासला २००२ पासून लोक ती राखतायत. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर नेलीत तरी ठरलेल्या वाटेनेच न्या, आपल्या कातळशिल्पांवरून चाकं गेलेली बघवत नाहीत.

खाडीपलीकडे

पुळणीवर अजिबात नेणार नाही, खाऱ्या पाण्यात चाक घालण्यासाठी घेतच नाहीये. बागेत जायला, घाटावर जायला हवीय. ट्रॉलर भाऊ, बेल्ट दुबईहून भाचा आणतोय म्हणाला, बरोबर अजून काय मागवू?

ट्रॉलर डिझेल

टेन्शनर बेअरिंग आणि त्याची स्प्रिंग, क्रँकचं पुढचं आणि कॅमचं ऑइल सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सहा ग्लो प्लग. ग्लो प्लग घेताना गाडी १२ व्होल्टची की २४ ची ते आधी बघा, काही देशांच्या गाड्यांना २४ चं स्टार्टिंग होतं, रविवारी स्टार्टरवरची प्लेट वाचून फोटो टाका मग नंबर सांगतो.