मदत हवी आहे: ओल्या तैलचित्राच्या फोटोतली चकाकी

काम थांबवताना दरवेळी चित्राचा फोटो काढून तो कृष्णधवल करते. छटा कुठे घसरल्या ते लगेच कळतं. पण गडद भागात, विशेषतः जाड फटकाऱ्यांच्या कडांवर, ओला रंग चमकतो आणि काळपट निळा चक्क राखाडी दिसतो.

फ्लॅश बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत एलईडी दिवे, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेऱ्याची जुळणी) ५५०० केल्विनवर लॉक, सोबत ग्रे कार्ड (उजेड आणि रंग जुळवायला ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड). एवढं करून झालंय. लेन्सवरच्या पोलरायझरने (चकाकी कमी करणाऱ्या फिल्टरने) थोडाच फरक पडला. रंग ओला, त्यामुळे व्हार्निशचा प्रश्नच नाही. कॅमेरा मोबाइलचाच.

आता दिव्यांवरही पोलरायझिंग फिल्म लावून लेन्सचा फिल्टर त्या फिल्मच्या ९० अंशांत फिरवायचा विचार आहे. त्याने चकाकी जाईल, पण गडद छटा प्रत्यक्षापेक्षा जास्तच काळ्या येतील का? तसं असेल तर अशा फोटोवरून पुढचा थर ठरवता येतो का?