टेबल सॉला ब्लेड कोणतं घेऊ? मदत हवी आहे
मंडळी, १० इंची टेबल सॉ आहे, सोबत आलेलं ४० दातांचं ब्लेड अजून त्यावरच चाललंय. सागाची फळी उभी चिरताना कड काळी पडते, जळका वास सुटतो, आणि सनमायका लावलेला प्लाय कापला की खालच्या बाजूने कपच्या उडतात ते वेगळंच. चिरायला २४ दातांचं आणि प्लायला ८० दातांचं टीसीजी (ट्रिपल चिप ग्राइंड, म्हणजे एकाआड एक सपाट आणि कोपरे तासलेले दात असलेलं) अशी दोन घ्यावीत असं वाटतंय पण सारखं ब्लेड बदलायचा कंटाळा येतो हो, ६० वर दोन्ही भागेल का? दुकानदार म्हणतो जास्त दात तेवढं चांगलं, मला काय पटत नाय, साग अजूनच जळेल ना? आणि ब्लेडमागची रायव्हिंग नाइफ (कापलेली चीर मिटू नये म्हणून असलेली पट्टी) २.२ मिमीची आहे, म्हणजे पातळ कर्फचं (अरुंद चीर पाडणारं) ब्लेड घेतलं तर लाकूड तिथे अडकेल का? वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.